श्वासाची मोजणी : सर्दी-खोकल्याच्या दिवसांत शिक्षकांचे काम

धरणगाव तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी भरात येते. आई-बाप सकाळीच शेतात जातात, आणि शाळा सुटल्यावर तान्हे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर येते. याच दिवसांत हवेत गारवा वाढतो व वर्गातून खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. या दोन गोष्टींचा संबंध शिक्षकांनी ध्यानी घेतला पाहिजे. आठ वर्षांच्या मुलीची सर्दी बहुधा आठवड्याभरात ओसरते. परंतु तीच सर्दी तिच्या कडेवरील चार महिन्यांच्या भावाच्या जिवावर बेतू शकते.

सर्दी गारठ्याने होते, हा समज अपुरा आहे. ती विषाणूंमुळे होते, आणि असे विषाणू शेकडो आहेत. फ्लूचा विषाणू आपल्याकडे पावसाळ्यातही जोर करतो. तान्ह्या मुलांना विशेष छळणारा आर. एस. व्ही. हा विषाणू १९५६ साली प्रथम चिंपांझी वानरांत सापडला व लवकरच बालकांतही आढळला. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलास तो एकदा तरी गाठतो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकांना थोडी सूज आली तरी हवेला वाट उरते. तान्ह्याच्या बारीक नलिका मात्र तेवढ्या सुजेने व कफाने बंद होऊ लागतात.

विषाणू कोणता, हे शिक्षकास सांगता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. पाहावयाचा तो श्वास. ताप किती किंवा खोकला केवढा मोठा, यावरून आजाराची खोली कळत नाही. मूल शांत असताना, रडत वा दूध पीत नसताना, त्याचा सदरा वर करून पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बालकात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाचा संशय धरावा. दोन महिन्यांखालील बालकाचा श्वास पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार बळावला असे समजावे. जुनी माणसे यालाच ‘डबा’ म्हणत, आणि त्यांची नजर चुकीची नव्हती. चूक होती ती पोटावर डाग देण्याच्या उपचारात.

एवढ्या साध्या मोजणीने काय साधते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यांतील आरोग्यसेवकांना व सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी आढळले. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मण्यांचे साधन तयार झाले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि मिनिटाची वाळू संपण्यापूर्वी लाल मणी आला की न्यूमोनिया. निरक्षर सुईणीस जे जमले ते शिक्षकास अवघड वाटू नये.

श्वास जलद झाला असेल तर मुलास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवावे. छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, दूध न ओढणे, झटके येणे किंवा मूल जागे न होणे, यांपैकी एक जरी दिसले, तरी सायंकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दोन महिन्यांखालील बालकास नुसता ताप असला तरी डॉक्टरांस दाखवावे.

साध्या सर्दीस मात्र औषधांचा मारा नको. अंगावरचे दूध चालू ठेवावे. नाक चोंदल्यास मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. एक वर्षावरील मुलास खोकल्यासाठी चमचाभर मध चालतो, त्याखाली मुळीच नाही. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, आणि मुलांच्या तापावर ॲस्पिरिन देणे धोक्याचे आहे. खोकल्याच्या बाटलीविषयी तर अधिकच सावध राहावे. २०२५ साली मध्यप्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी द्रव्य असलेल्या अशा औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. दोन वर्षांखालील मुलांस ही औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच वर्षी कळविले. उकळत्या पाण्याच्या वाफेने मुले भाजतात. चुलीत पऱ्हाट्या जळत असताना पाळणा त्या धुरात ठेवू नये, हेही पालकांस सांगावे.

शाळेत एक अडचण शिक्षकांचीच आहे. हजेरीचा टक्का घसरू नये म्हणून तापलेले मूलही वर्गात बसविले जाते. ताप उतरून एक दिवस जाईपर्यंत अशा मुलास घरी ठेवणे इष्ट, आणि त्या गैरहजेरीबद्दल त्यास बोल लावू नये. खिडक्या उघड्या असाव्यात, खोकताना तोंड कोपराच्या घडीत झाकण्याची सवय लावावी, आणि थुंकीने पाटी पुसण्याची खोड जेथे उरली असेल तेथे ती मोडावी. ज्यांच्या घरी एक वर्षाखालील मूल आहे, अशा विद्यार्थ्यांची यादी दिवाळीपूर्वीच करून ठेवावी. त्यांच्यापैकी कोणी शिंकू लागले, तर साबणाने हात धुतल्यावाचून बाळास घेऊ नये व त्याचा मुका घेऊ नये, हे त्यास सांगावे. शक्य तर दोन दिवसांनी त्याच्या घरी जाऊन पाळण्यापाशी एक मिनिट घड्याळ धरून बसावे.