आधी मोजा, मग स्विच दाबा!

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, हे पुण्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. नाणी, कंदील, पाने-पक्कडी, बंद पडलेली घड्याळं, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी लाकडी कॅबिनेटचा एखादा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर. सेकंड इयरला असताना असाच एक मी उचलून आणला. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "ताई, चेक केलेला नाही हां." मी घरी आले, आजोबांचे दोन स्पीकर जोडले आणि थेट स्विच दाबला. डाव्या स्पीकरमधून 'धप्प' असा मोठा आवाज आला, पाठोपाठ जळका वास, आणि तो स्पीकर गप्प झाला.

माझे आजोबा टेलिफोन खात्यात होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, आधी मोजलं होतंस का?"

मोजलं नव्हतं. मल्टीमीटर माझ्या सॅकमध्येच पडून होता! त्यानंतर वर्षभरात जे शिकले, ते तुमच्यापैकी कोणाचा तरी स्पीकर वाचावा म्हणून लिहिते आहे.

नेमकं झालं काय?

बऱ्याच ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्लस आणि मायनस असे दोन सप्लाय असतात. समजा, अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट. दोन आउटपुट ट्रान्झिस्टर जिथे एकमेकांना मिळतात तिथून स्पीकरची वायर निघते. गाणं वाजत नसताना तिथे शून्य व्होल्ट हवेत. पण एक ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर पूर्ण ३५ व्होल्ट डीसी स्पीकरवर येतो. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स साधारण ६ ओहम असतो. आता गणित करा: ३५ भागिले ६, म्हणजे जवळजवळ ६ अँपिअर, आणि पॉवर २०० वॉटच्या वर. कॉइल एका बाजूला ढकलली जाते आणि तिथेच अडकून राहते. सगळी पॉवर उष्णतेत जाते. फ्यूज होता, पण तो वितळायच्या आत कॉइल गेली.

बाजारात काय बघायचं?

तिथे प्लग पॉइंट मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी लावू नका. मल्टीमीटर, १.५ व्होल्टचा एक सेल आणि टॉर्च एवढं बरोबर पुरे.

पहिली गोष्ट ट्रान्सफॉर्मर. सेटचा पॉवर स्विच ऑन करून प्लगच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. काही ओहम ते काही दहा ओहम आले तर प्रायमरी वाइंडिंग शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर आधी फ्यूज काढून बघा. फ्यूज चांगला असूनही रीडिंग नाही, तर वाइंडिंग तुटलेलं असू शकतं. ट्रान्सफॉर्मर नव्याने वाइंड करून मिळतो, पण तो खर्च किमतीत धरा.

दुसरी गोष्ट मागची प्लेट. जपानमधला सेट १०० व्होल्टचा आणि अमेरिकेतला १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर लावलात तर संपलाच. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो कुठल्या आकड्यावर आहे ते बघा.

तिसरी गोष्ट स्पीकर. त्याच्या टर्मिनलला सेल क्षणभर टेकवा. 'टक' असा आवाज येऊन कोन हलला, तर कॉइल जिवंत आहे. कोनच्या कडेची फोमची रिंग बोटाने हलकेच दाबा. भुगा झाला तर ती बदलावी लागेल, पण त्यासाठी चांगला स्पीकर सोडू नका.

शेवटी टॉर्च मारून आत बघा. फुगलेले कपॅसिटर, काळं पडलेलं सर्किट बोर्ड, आधी कोणी केलेलं गबाळं सोल्डरिंग हे सगळं दिसतं.

घरी आणल्यावर

पायरी १: प्लग काढलेला ठेवूनच झाकण उघडा. मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज उरला आहे का ते मोजा. उरला असेल तर १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावा. ४७०० मायक्रोफॅरडसाठी टाइम कॉन्स्टंट ४.७ सेकंद येतो, म्हणजे पाचपट धरून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणग्या काढायची मर्दुमकी नको. मग प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरचा कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये मीटर लावा. दोन्ही दिशांनी जवळजवळ शून्य आलं तर तो बहुतेक शॉर्ट आहे. सुटा करून पुन्हा तपासा. माझ्या सेटमध्ये हे दोन मिनिटांत कळलं असतं.

पायरी २: सिरीज बल्ब. जुन्या रेडिओ मेकॅनिककडे हा बोर्ड हमखास दिसायचा. फेजच्या वायरमध्ये ६० वॉटचा बल्ब घालायचा आणि त्यातून सेटला सप्लाय द्यायचा. आत शॉर्ट असला तरी २३० व्होल्टवर बल्बमधून फार तर ०.२६ अँपिअर जातो. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा, दोष आत आहे. क्षणभर पेटून मंद झाला तर कपॅसिटर चार्ज झाले, सेट बहुधा ठीक आहे. बल्ब फिलामेंटचाच हवा, एलईडीने हे काम होत नाही.

पायरी ३: स्पीकर न जोडता स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर कारण शोधा. व्होल्टमध्ये असेल तर स्पीकरला हातसुद्धा लावू नका. बल्ब काढून पूर्ण सप्लायवर पुन्हा मोजा. आणि मग जोडायचा तो पहिला स्पीकर स्वस्तातला, आजोबांचा नव्हे!

कपॅसिटर का दगा देतात?

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच इन्सुलेटर. सेट वर्षानुवर्षं पडून राहिला की हा थर कमजोर होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिला तर लीकेज करंट वाढतो, कपॅसिटर तापतो आणि कधी फुटतोही. म्हणजे "वीस वर्षं वापरलाच नाही, अगदी नव्यासारखा आहे" ही तारीफ नाही, इशारा आहे.

स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, त्यावरूनही निदान होतं. आपली मेन्स ५० हर्ट्झची. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० हर्ट्झचा. म्हणून १०० चा हम असेल तर फिल्टर कपॅसिटर तपासा, ५० चा असेल तर अर्थिंग आणि इनपुटच्या वायरी. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर सेट बंद करून कंट्रोलमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब वीसेक वेळा फिरवा. सुटे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शोधा. मात्र जुन्या नंबरचे नकली ट्रान्झिस्टर सगळीकडेच विकले जातात, तेव्हा खात्रीच्या दुकानातूनच घ्या.

व्हॉल्व्हचा सेट? एकट्याने नको

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला चार्ज असेल तर त्यात ऊर्जा २.२५ ज्यूल. ट्रान्झिस्टर सेटच्या ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टवाल्यात जवळजवळ ६ ज्यूल. परीक्षेत दुसरा मोठा, पण आपल्या शरीरातून करंट ढकलतो तो व्होल्टेज, आणि ३०० व्होल्ट जीव घेऊ शकतो. शिवाय काही जुन्या रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, चासी थेट मेन्सला जोडलेली असते. टू-पिन प्लग उलटा लागला की चासीवर फेज! असा सेट जाणकार माणूस शेजारी असेल तेव्हाच उघडा.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचं पुढे काय झालं? दोन ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि सगळे मोठे कपॅसिटर बदलले. स्पीकरची कॉइल पेठेतल्या एका काकांनी नवी घालून दिली. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला लागायचं, तेव्हा आजोबा शाळेत होते आणि शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर जाऊन बसायचे. गदिमा-बाबूजींच्या त्या गाण्यांच्या रेकॉर्ड्स त्यांनी अजून जपून ठेवल्या आहेत. त्यातली एक मी काढली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मोजलंस?"

"हो आजोबा. डावा १२ मिलिव्होल्ट, उजवा ९."

"मग लाव."