जंगल कोणाचे?

चैत्र लागला की मोह गळू लागतो. आपल्या भागातल्या बाया पहाटेच टोपली घेऊन निघतात. उशीर झाला की गुरे फुले खाऊन टाकतात. पुढे चारोळी येते, मग तेंदूची पाने. सरपण तर बारमाही. कोणता मोह जास्त गळतो, कोणत्या वाटेने अस्वल येते, हे बायांना पक्के ठाऊक.

एकदा बपेऱ्याच्या रात्रीच्या वर्गात मी विचारले, "जंगल कोणाचे?"

एक बाई म्हणाली, "सरकारचं, गुरुजी."

मागे बसलेली म्हातारी म्हणाली, "मालकासंगं मी जंगलातली जमीन कसली. मालक गेले. आता दीर म्हणते, तुझं नाव कुठं आहे?"

वर्ग गप्प झाला. मी म्हणालो, "माय, कायद्यात तुझ्यासाठी जागा आहे. ऐक."

2006 साली वनहक्क कायदा झाला. या कायद्याने मिळालेल्या वनजमिनीच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचे नाव लागते. घर एकट्या बाईचे असेल, तर पट्टा तिच्याच नावे होतो. ही जमीन वारसाला मिळते. पण ती कोणाला विकता येत नाही.

मोहफूल, तेंदूपान, मध, बांबू हे गौण वनउपज. पिढ्यान्‌पिढ्या ते गोळा करणाऱ्या वननिवासींचा त्यावर मालकी हक्क मान्य होतो. इमारती लाकूड मात्र यात येत नाही.

हक्कासाठी दावा ग्रामसभेत करावा लागतो. गावाच्या वनहक्क समितीत निदान एक-तृतीयांश बाया हव्यात. या कामाच्या ग्रामसभेतही हजर लोकांत तेवढ्या बाया असल्याच पाहिजेत.

हे नुसते कागदावर नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 पासून गाव आपला बांबू आपणच विकू लागले. तिथे बाया-माणसे सभेत एकत्र बसतात. सगळ्यांचे एकमत झाले, तरच निर्णय होतो.

म्हणून बायांनो, सभेच्या दिवशी चूल थोडी उशिरा पेटली तरी चालेल. सभेला जा. मागे बसू नका, बोला. आणि भाऊ, तुम्हीही घरातल्या बाईला संगे न्या.

घरी पट्टा असेल तर आज काढा. त्यावर कोणाची नावे आहेत, ते स्वतः वाचा.

सांगा पाहू
1. पट्ट्यावर कोणाकोणाचे नाव लागते?
2. वनहक्क समितीत किती बाया हव्यात?
3. तुमच्या गावच्या मागच्या सभेत किती बाया बोलल्या?