डिस्कसची पहिली टाकी : आधी पाणी, मग मासा

शोभेच्या माशांच्या धंद्यात डिस्कसला माशांचा राजा म्हणतात. ताटलीसारखा गोल, चपटा आणि पूर्ण वाढला की हाताच्या पंजाएवढा होणारा हा मासा दुकानाच्या दर्शनी टाकीत असला की रस्त्याने जाणारा माणूस थांबतो. मॉली किंवा गोल्डफिशच्या मानाने त्याचा दामही कितीतरी पट जास्त. त्यामुळे हातात चार पैसे खेळू लागले की छोटा दुकानदार डिस्कसकडे वळतो. पुष्कळदा पहिल्या महिन्यातच त्याचे मासे काळवंडून कोपऱ्यात बसतात, खाणे सोडतात आणि भांडवल अक्षरशः पाण्यात जाते. मग दोष माशाला दिला जातो, 'मासा फार नाजूक आहे' म्हणून.

मासा नाजूक आहे हे थोडे खरे आहे. पण बहुतेक वेळा कारण वेगळेच असते. सोमवारी टाकी आणली, मंगळवारी पाणी भरले आणि बुधवारी मासे सोडले, असा सगळा घाईचा कारभार असतो. काचेसारखे स्वच्छ दिसणारे पाणी आणि मासा जगवणारे तयार पाणी यांत मोठा फरक आहे. तो ज्याला समजला त्याने या धंद्यात हात घालावा.

डिस्कसचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ योहान हेकेल यांनी 1840 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. तिकडचे पाणी उबदार, अतिशय मृदू आणि किंचित आंबट गुणाचे असते. बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमधून हे मासे संथ पाण्यात थव्याने राहतात. आज दुकानात येणारा माल मात्र बहुतेक नदीतला नसतो. तो मलेशिया, थायलंड आणि आता भारतातल्याही पैदासकारांनी टाक्यांमध्ये वाढवलेला असतो. हा पाळीव मासा आपल्या नळाच्या पाण्याशी बऱ्यापैकी जमवून घेतो. पण ऊब आणि स्वच्छता या दोन गोष्टींवर तो अजूनही अडून बसतो.

काचकाम आणि लोखंडकाम

पहिली टाकी लहान घ्यावी, जमले तर मोठी करू, हा विचार इथे उलटा पडतो. डिस्कस एकटा-दुकटा ठेवला तर भेदरतो. दोन-तीन ठेवले तर त्यांतला दांडगा इतरांना खाऊ देत नाही. सहा ठेवले की दादागिरी वाटली जाते. वाढलेल्या एका माशाला किमान 40 लिटर पाणी धरावे. म्हणजे सहा माशांना 240 लिटर झाले. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण 250 लिटर पाणी मावते. सुरुवात याच मापाने करावी.

आपल्यातले अनेक जण काचकाम, वेल्डिंग आणि सुतारकाम करणारे आहेत. त्यांना तयार टाकी विकत घेण्याची गरज नाही. या मापाला 10 मिलिमीटर जाडीची काच लावावी आणि वरच्या कडांना आतून काचेच्या पट्ट्या चिकटवाव्यात. पट्ट्या नसल्या तर मधली काच बाहेर फुगते. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन स्नानगृहासाठी असते, ते माशांच्या टाकीला वापरू नये. साधे सिलिकॉन सुकताना सिरक्यासारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, टाकी तशीच ठेवावी. मग घराबाहेर पाणी भरून दोन दिवस गळती पाहावी.

पाणी आणि काच मिळून वजन 300 किलोच्या घरात जाते. त्यामुळे अँगलचा स्टँड वेल्ड करून घ्यावा, पाणसळ लावून तो सरळ बसवावा आणि टाकीखाली थर्माकोलचा जाड पत्रा घालावा. स्टँडचा एक पाय जरी अधांतरी राहिला तर तळाची काच तडकते. मग मासे तर जातातच, शिवाय खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी कायमचे वाकडे येते.

टाकीच्या तळाला रंगीत खडी, किल्ले, प्लास्टिकची झाडे काहीही घालू नये. गिऱ्हाइकाला ते आवडते, हे मान्य. पण खडीत अडकलेले खाणे आणि विष्ठा 30 अंशांच्या उबेत झपाट्याने कुजते. उघडा तळ रोज सायफनच्या नळीने पाच मिनिटांत साफ होतो. शोभेसाठी पाण्यात मुरवलेला लाकडाचा एखादा ओंडका पुरे.

पाणी तयार करणे

मासा गिलांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. हे विष आहे, आणि पाणी जितके गरम व क्षारधर्मी तितके ते अधिक मारक. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात मासा सोसतो आणि पाणी बदलले की निघून जाते. हे उपयोगी जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती नसते आणि बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात मासे का मरतात, याचे उत्तर एवढेच आहे.

ज्याच्याकडे आधीपासून निरोगी माशांची टाकी चालू आहे त्याने दोन मोठे स्पंज फिल्टर तिथेच महिनाभर चालवावेत आणि मग नव्या टाकीत हलवावेत. आजारी टाकीतला स्पंज मात्र आणू नये, रोग सोबत येतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने नव्या टाकीत फिल्टर चालू करून चार-सहा काटक मॉली सोडाव्यात, थोडे खाणे द्यावे आणि चाचणीच्या किटने दर दोन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत लिहावे. आकडा चढला की थोडे पाणी बदलावे, म्हणजे मॉलींचा जीव जाणार नाही. दोन्ही आकडे आधी चढतात, मग उतरतात. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की पाणी तयार झाले. मॉली बाहेर काढाव्यात आणि त्याच आठवड्यात डिस्कस आणावेत, नाहीतर जिवाणू उपाशी मरतात. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. नळाच्या क्लोरीनने सगळी वस्ती एका क्षणात मरते. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच तो पिळावा.

बदलण्याचे पाणी 200 लिटरच्या ड्रममध्ये हवेचा दगड सोडून 24 तास खेळवावे. घाई असेल तर 100 लिटरला साधारण एक ग्रॅम हायपो टाकला की नळाच्या पाण्यातला क्लोरीन मरतो. ड्रममधले पाणी टाकीइतकेच कोमट असावे.

मुंबईला तलावांचे पाणी येते, ते मृदू आहे, म्हणून तिथल्या माणसाचे अर्धे काम सोपे. मराठवाड्यात किंवा नगरकडे बोअरचे जड पाणी असते. तिथे आरओचे पाणी निम्मे मिसळावे लागते आणि आरओ यंत्र एक बादली देताना दोन-तीन बादल्या वाया घालवते. पीएच साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान कुठेही स्थिर असेल तर चालतो. तो खाली आणण्यासाठी आम्ल ओतण्याचा खेळ करू नये. आकडा थोडा चुकीचा असला तरी मासा निभावतो, रोज बदलणारा आकडा त्याला मारतो.

तापमान 28 ते 30 अंश ठेवावे. 300 वॅटचा एक हीटर लावण्याऐवजी 150 चे दोन लावावेत. एखादा बिघडून चालूच राहिला तर तो एकटा टाकी उकळू शकत नाही आणि एखादा बंद पडला तर दुसरा निदान सांभाळून घेतो. पाणी काढण्याआधी हीटर बंद करावा, कारण कोरडा तापलेला हीटर फुटतो. अर्थिंग पक्के हवे. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करण्याची सवय घरातल्या मुलांनाही लावावी. जिथे वीज वारंवार जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवणे भाग आहे.

मासा निवडताना

सहाही मासे एकाच विक्रेत्याकडून, एकाच वेळी, अडीच ते तीन इंचांचे घ्यावेत. दीड इंची पिल्ले स्वस्त मिळतात, पण त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा खाणे आणि रोज भरपूर पाणी बदल लागतो. नवख्या हातात ती खुरटतात. खुरटलेला मासा ओळखण्याची खूण म्हणजे अंगाच्या मानाने मोठा डोळा. अंग गोल असावे, दोन्ही गिल सारखे हलावेत. विष्ठा काळसर हवी. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यात परजीवी असण्याचा संभव असतो. इतक्या लहान वयात रंग भडक असेल तर माल संप्रेरके खाऊ घालून रंगवलेला असू शकतो, काही महिन्यांत तो फिका पडतो. मुख्य म्हणजे विक्रेत्याला आपल्यासमोर खाणे टाकायला सांगावे. जो मासा पुढे येऊन खात नाही तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. एंजल मासा दिसायला जोडीला शोभतो, पण तो रोग आणतो आणि खाणे हिसकावतो.

खाण्याबद्दल परदेशी पुस्तकांत बैलाचे हृदय सांगितलेले असते. आपल्याकडे बकऱ्याचे दिल चालते. खाटकाकडून ताजे आणून चरबी आणि शिरा पूर्ण काढाव्यात, कारण जनावराची चरबी माशाला पचत नाही. सोललेली कोळंबी, थोडा पालक आणि लसूण घालून बारीक वाटावे आणि चपट्या पिशव्यांत भरून गोठवावे. पंधरा मिनिटांत न संपलेले खाणे नळीने ओढून घ्यावे. बाजारात जिवंत ट्युबिफेक्स अळ्या मिळतात, मासे त्यांवर तुटून पडतात. पण त्या गटारीच्या गाळात वाढतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. वाढत्या माशांचे रोज तृतीयांश पाणी बदलावे. म्हणजे दिवसाला 80 लिटर, महिन्याला सुमारे 2,500 लिटर. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथल्या माणसाने हा आकडा आधी पाहावा आणि मग टाकीचे माप काढावे.

आता हिशेब. खालचे भाव केवळ समजण्यासाठी धरले आहेत, आपल्या गावचे भाव आपण घालावेत. समजा, एक मासा 800 रुपयांना पडला. सहाचे 4,800 झाले. हीटर रोज सरासरी दहा तास चालले तर दिवसाला 3 युनिट, तीन महिन्यांत 270 युनिट. दहा रुपये दराने 2,700. मुंबई-कोकणात हा खर्च कमी येईल, नाशिकच्या थंडीत जास्त. खाण्याचे 1,500 धरले तर एकूण 9,000. सहाही मासे जगले तर प्रत्येक मासा 1,500 ला पडला. एक गेला तर उरलेले पाच 1,800 ला पडतात, आणि त्याच्या पुढचा रुपया नफ्याचा. टाकी, स्टँड आणि आपली मेहनत यात धरलेलीच नाही. म्हणून पहिल्या खेपेला कर्ज काढून किंवा उधारीवर मासे उचलू नयेत आणि सहाच्या वर जाऊ नये.

तीन महिन्यांत मासे चार इंचांवर गेले की गिऱ्हाईक मिळते. पण गिऱ्हाइकालाही तोच नियम लावावा. आज टाकी विकावी, सोबत आपल्या दुकानात मुरवलेला स्पंज द्यावा, आठवड्याने जाऊन त्याचे पाणी मोजावे आणि आकडे बरोबर असतील तरच मासा द्यावा. त्याच दिवशी मासा मागणारे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल, जाऊ द्यावे. मोठ्या शहरांत टाक्यांची देखभाल महिन्याच्या ठरावावर करणारे कारागीर आहेत. हप्त्याला एक फेरी, पाणी बदल, काच पुसणे आणि हीटर तपासणे एवढे काम असते. ज्याने टाकी स्वतः बांधली आणि पाणी स्वतः तयार केले त्याला असा ठराव मिळवणे सोपे जाते. पाच-सहा घरे बांधली गेली की मासा विकला नाही त्या महिन्यातही दुकानाचे भाडे निघते.