खुंट आणि काडी

शास्त्रपाठ : रोम. 11:16–24

कलमाचा दाखला देताना पौल जैतुनाचे झाड घेतो. या पाठात आपण द्राक्षवेलीच्या कलमाकडे पाहू.

1860 नंतर फ्रान्समधील द्राक्षमळे सुकू लागले. 1868 साली मुळांवर फिलोक्सेरा नावाची बारीक कीड सापडली. अमेरिकेतील रानवेलीची मुळे ती कीड सोसत. म्हणून त्या खुंटावर युरोपातील वेलीची काडी बांधण्याचा उपाय निघाला. नाशिक-सांगलीकडेही खारट पाणी व अवर्षण सोसावे म्हणून डॉगरिज खुंटावर थॉमसनची कलमे करितात.

सांधा जुळतो कसा? दोन्ही काप घट्ट बांधले की जखमेतील पेशी वाढून मऊ गाठ होते. काडीतून उतरणाऱ्या ऑक्झिन या द्रव्याच्या साहाय्याने गाठीतून नव्या नळ्या घडतात. मग मुळे पाणी व क्षार वर देतात. पाने साखर खाली पाठवितात. पेशींचे निरोप वाहणारे आर.एन.ए.चे रेणूही सांधा ओलांडतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या द्राक्षवेलीवरील संशोधनात तीन हजारांहून अधिक जनुकांचे असे निरोप आढळले. तरी काडीची जात बदलत नाही. थॉमसनच्या काडीला थॉमसनचीच द्राक्षे लागतात.

मळेकरी रानखुंटावर उत्तम काडी बांधतो. पौलाच्या दाखल्यात मात्र रानटी फांदी उत्तम झाडाला लाविली आहे. हे सृष्टिक्रमाविरुद्ध आहे, हे तोच 24 व्या वचनात सांगतो. आपल्या अंगच्या गुणाने आपण रानफळच देणार. चांगले फळ आले तर ती देवाची कृपा. तेथे अभिमानाला जागा कोठे?

तरीही आपल्या मंडळ्यांत काय दिसते? चार पिढ्यांची घराणी पुढच्या बाकांवर, आणि गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेले कुटुंब दाराजवळ. आपण मुळाला आधार देत नाही, मूळ आपल्याला देते, हे 18 वे वचन जुन्या घराण्यांनाही लागू आहे. आपण सारेच कलमी फांद्या. कोणी आधी बांधले गेलो, कोणी नंतर. शिवाय काप दोन्ही बाजूंना घ्यावा लागतो. नव्याने बदलावे आणि जुन्याला ओरखडाही नको, असा सांधा कधी जुळत नाही.

शब्बाथ शाळेसाठी प्रश्न :
1. मळेकऱ्याचे कलम व पौलाचे कलम यांत फरक कोणता?
2. आपल्या मंडळीत नवीन आलेल्या कुटुंबाचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल?