देहातील सहकार्य

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांच्या कलहाची कथा आहे. श्रेष्ठ कोण, हे ठरविण्यासाठी वाणी, नेत्र, कर्ण व मन ही एकेक वर्ष देह सोडून गेली. तरी देह जगला. प्राण निघू लागताच मात्र सर्वांचाच आधार सुटू लागला. आजचे शरीरशास्त्र यात एवढीच भर घालते की, श्वासही एकटा समर्थ नाही.

याचा प्रत्यय बीदरच्या झरणी नरसिंहाच्या दर्शनास जाताना येतो. सुमारे ३०० मीटर लांबीच्या गुहेतून, कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यातून भाविक चालत जातात. उन्हात तापलेले अंग गार पाण्यात शिरताच त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात व आतील ऊब राखली जाते. पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरील भार वाढतो. तोच दाब छातीवरही पडत असल्याने श्वास घेण्यास अधिक श्रम लागतात. पाणी कापीत चालणाऱ्या पायांना प्राणवायू व साखर जास्त हवी असते. प्राणवायू फुप्फुसे देतात, साखर यकृत आपल्या साठ्यातून काढून देते, आणि दोन्ही पोचविण्याचे काम हृदय व रक्त करतात. रक्तात कर्बवायू साचू लागला की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र श्वासाची गती वाढविते. पायाखालची जमीन दिसत नसता तोल सांभाळला जातो तो अंतःकर्ण, लहान मेंदू व स्नायू यांच्या मेळामुळे. छातीत वाढलेल्या रक्ताची वर्दी मूत्रपिंडांस मिळते व तीही अधिक मूत्र बनवू लागतात.

यातील एक दुवा कच्चा असेल, तर त्याचा भार इतरांवर पडतो. म्हणून ज्यांना हृदयविकार वा दमा आहे, त्यांनी वैद्यांस विचारल्यावाचून पाण्यात उतरू नये. मधुमेहावरील औषध घेऊन उपाशीपोटी जाणे धोक्याचे. रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. आत धाप लागली, छातीत दुखले वा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सोबत्यांस सांगून तत्काळ मागे फिरावे. बाहेर येताच पाण्याचा दाब नाहीसा होऊन रक्त पुन्हा पायांकडे उतरते व घेरी येऊ शकते. यास्तव काही वेळ बसून राहावे.

घरातील वडीलधाऱ्यांना मागे फिरण्यात कमीपणा वाटतो. त्यांना सांगावे की, भगवद्गीतेने देहाला क्षेत्र म्हटले आहे. त्या क्षेत्राची राखण हाही धर्मच होय.