तीव्र ॲलर्जी : हृदय व रक्तवाहिन्यांवर होणारा हिस्टामिनचा परिणाम

मधमाशीचा दंश, शेंगदाण्यासारखा खाद्यपदार्थ किंवा एखादे औषध यांमुळे काही व्यक्तींना तीव्र ॲलर्जी होते. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्या सर्वांना दिसतात. प्राणावर बेतणारा धोका मात्र रक्ताभिसरणात निर्माण होतो.

शरीरात काय घडते?

हिस्टामिन हे आपल्याच शरीरातील मास्ट पेशींमध्ये साठवलेले रसायन आहे. ॲलर्जीच्या वेळी ते एकाएकी मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. लहान रक्तवाहिन्या रुंदावतात व त्यांच्या भिंतींतून रक्तातील द्रव झिरपू लागतो. रक्तदाब घसरतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि हृदय वेगाने धडधडू लागते. क्वचित प्रसंगी हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून छातीत दुखते. १९९१ मध्ये वर्णिलेला हा विकार ‘कूनिस सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो.

धोक्याची लक्षणे

• चक्कर, घेरी किंवा शुद्ध हरपणे
• नाडी जलद व क्षीण होणे, छातीत दुखणे
• धाप लागणे, घसा आवळणे, जीभ सुजणे
• वारंवार उलट्या

तातडीने काय करावे?

• रुग्णास आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप लागत असल्यास पाय पसरून बसवावे. उभे करू नये, चालवू नये. त्यामुळे हृदयाकडे जाणारे रक्त अचानक कमी होऊन प्राण जाऊ शकतो.
• १०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. जयपूर येथे सवाई मानसिंह रुग्णालय अथवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.
• मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हा प्रथम उपचार होय. ते रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब सावरते.
• सेट्रिझिनसारख्या गोळीने खाज शमते, घसरलेला रक्तदाब सावरत नाही. आमसुलाचे पाणी लावण्यात वेळ दवडू नये.
• मधमाशीचा काटा त्वचेत असल्यास तो त्वरित काढावा.

पुढील काळजी

बरे वाटल्यावरही काही तासांनी लक्षणे उलटू शकतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबावे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांवर ॲड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो. आपली औषधे डॉक्टरांना अवश्य सांगावीत. ती स्वतःहून बंद करू नयेत.

आमेर, नाहरगड येथे सहलीस जाताना मधमाश्यांच्या पोळ्यांपासून दूर राहावे. पूर्वी अशी ॲलर्जी झालेल्या व्यक्तीने त्याची लेखी नोंद सदैव जवळ बाळगावी.