छोटा मेंढपाळ कुत्रा आपल्याला पेलेल का?

पिंपळे सौदागर हे पवना नदीकाठचे एकेकाळचे शेतीचे गाव. आज तेथे उंच इमारतींची दाट वस्ती आहे. समजा, अशाच एका इमारतीत सातव्या मजल्यावर तुम्ही राहता आणि तुम्हाला कुत्रा पाळायचा आहे. घर लहान, म्हणून तुम्ही लहान चणीची जात निवडता : आखूड पायांचा वेल्श कॉर्गी (उंची २५ ते ३० सें.मी.), झुपकेदार केसांचा शेटलंड शीपडॉग (३३ ते ४१ सें.मी.) किंवा मिनिएचर अमेरिकन शेफर्ड (३३ ते ४६ सें.मी.). ‘घर लहान, कुत्राही लहान; मग अडचण कसली?’ असे तुम्ही म्हणाल. हा युक्तिवाद बरोबर आहे का, ते आपण तपासून पाहू.

राखणारा आणि हाकणारा

दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन कोकणाकडे निघतात. त्यांच्याबरोबर कुत्रेही असतात. पण नीट पाहिले तर मेंढ्या वळवण्याचे काम मेंढपाळ स्वतः हाळी देऊन करतो. कुत्र्याचे मुख्य काम राखणीचे. रात्री लांडगा आला की भुंकून जागे करायचे आणि त्याला हुसकावायचे.

वर सांगितलेल्या तिन्ही जाती मात्र हाकणाऱ्या कुत्र्यांच्या आहेत. लांडग्याच्या शिकारीत क्रमाने काही पायऱ्या येतात : टक लावून पाहणे, दबकत पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे आणि ठार मारणे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पहिल्या पायऱ्या टिकवल्या आणि शेवटच्या दुबळ्या केल्या. यालाच कृत्रिम निवड म्हणतात. वेल्समधील कॉर्गी गुरांच्या टाचांना हलकेच चावून त्यांना पुढे हाकत असे. तो बुटका असल्यामुळे गाईची लाथ त्याच्या डोक्यावरून जाई.

आता हाच कुत्रा सातव्या मजल्यावर आणला, तर तेथे गुरे कोठून येणार? मग धावणारी मुले, सायकली आणि स्कूटर हाच त्याचा कळप होतो. तो त्यांच्याभोवती घिरट्या घालतो, भुंकतो, कधी टाचेला दातही लावतो. हा त्याचा द्वाडपणा नव्हे. ज्या कामासाठी त्याला घडवले, ते काम तो शोधत असतो.

उंची घटली, वृत्ती राहिली

कुत्रा लहान झाला की त्याची कामाची ओढही लहान होत नाही का? याचे उत्तर आनुवंशिकतेत आहे. वाढीशी संबंधित एका जनुकाच्या विशिष्ट रूपाचा लहान चणीशी निकट संबंध असल्याचे २००७ मध्ये दिसून आले. कॉर्गीचे आखूड पाय हे दुसऱ्या एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे आहेत, हे २००९ मध्ये कळले. म्हणजे मोजक्या जनुकांतील बदलांनी उंचीत मोठा फरक पडतो. वर्तन मात्र पुष्कळ जनुके आणि परिस्थिती यांच्या एकत्र परिणामाने घडते. म्हणून उंची कमी करताना हाकण्याची ओढ आपोआप कमी होत नाही.

पण जात म्हणजे ललाटरेषा नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८,००० हून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली गेली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीमुळे स्पष्ट होतात, असे त्यात आढळले. तेव्हा जातीवरून केवळ अंदाज बांधावा; पिल्लू आणि त्याचे आईबाप मात्र प्रत्यक्ष पाहावेत.

उन्हाचे गणित

या जाती थंड प्रदेशातील कुत्र्यांपासून आल्या आहेत. त्यांच्या अंगावर केसांचे दुहेरी आवरण असते. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असल्याने घामाने त्याचे अंग फारसे थंड होत नाही. तो धापा टाकतो. जीभ व श्वसनमार्ग यांवरील ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन उष्णता बाहेर पडते. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावते. म्हणून एप्रिलची दुपार धोक्याची, तशी पावसाळ्यापूर्वीची उकाड्याची संध्याकाळही. फिरायला नेण्यापूर्वी आपल्या हाताची पालथी बाजू डांबरी रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल, तर त्यालाही सोसणार नाही.

कुत्र्यावाचून प्रयोग

निर्णय घेण्यापूर्वी पुढील प्रयोग पंधरा दिवस करा. साहित्य : एक वही, एक घड्याळ.

१. रोज पहाटे साडेपाचला उठून पाऊण तास चाला. संध्याकाळी पुन्हा पाऊण तास चाला. परीक्षा, पाऊस, पाहुणे, काही असले तरी चुकवू नका.

२. रोज वीस मिनिटे वेगळी काढा. ही शिकवणीची वेळ. या कुत्र्यांच्या पायांना जशी हालचाल लागते, तसे बुद्धीलाही काम लागते.

३. घर किती तास रिकामे असते, ते लिहा. आईवडील चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात असतील, तर पाळीचे आठ तास आणि जाण्यायेण्याचा वेळ धरा. तुमची शाळा व शिकवणी त्यात मांडा.

४. शेजाऱ्यांना विचारा : दुपारी भुंकणे चालेल का?

५. खाणे, रेबीजची लस, पशुवैद्य आणि महापालिकेचा परवाना यांचा खर्च वडीलधाऱ्यांबरोबर बसून मांडा.

पंधरा दिवसांनी वही उघडा. फेऱ्या चुकल्या असतील, घर रोज आठ-नऊ तास रिकामे राहत असेल, तर उत्तर ‘आता नको’ असे आहे. ते लिहिताना वाईट वाटेल. पण कंटाळून दारे ओरबाडणाऱ्या आणि शेवटी कोणाला तरी देऊन टाकलेल्या कुत्र्याचे दुःख त्याहून मोठे असते.

वही भरलेली असेल, तर आणखी एक बेरीज करा. या जाती साधारण १२ ते १५ वर्षे जगतात. आज तुमचे वय १४ असेल, तर कुत्रा म्हातारा होईल तेव्हा तुम्ही २६ ते २९ वर्षांचे असाल. मधल्या काळात तुम्ही शिक्षणासाठी परगावी गेलात, तर पहाटे साडेपाचला कोण उठेल? त्या व्यक्तीचे नाव वहीत लिहा आणि त्यापुढे तिची सही घ्या.

स्वाध्याय

१. राखणारा व हाकणारा कुत्रा यांच्या वर्तनातील दोन फरक सांगा.

२. दमट हवेत कुत्र्याला उष्णता अधिक का बाधते?

३. आपल्या परिसरातील एका कुत्र्याचे, जवळ न जाता, तीन दिवस निरीक्षण करा. तो कशाकडे टक लावतो, कशाचा पाठलाग करतो, याची नोंद करून वर्गात वाचून दाखवा.